तरंगत्या पवनचक्क्यांचा प्रकल्प कागदावर कसा मांडावा

समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्क्यांवर अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प करणारे विद्यार्थी बहुधा टर्बाइनपासून सुरुवात करतात. आधी सर्वांत मोठे टर्बाइन निवडले जाते, मग त्याला पेलणारा तरंगता पाया, मग साखळ्या आणि नांगर, आणि शेवटी एका परिच्छेदात ‘जवळच्या बंदरात जुळणी करून यंत्र ओढत नेले जाईल’ असे लिहून विषय संपवला जातो. हा क्रम उलटा आहे. आजवर प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या प्रकल्पांकडे पाहिले, तर पायाचा आकार, जुळणीची पद्धत, दुरुस्तीचा खर्च आणि बऱ्याच अंशी विजेचा दरसुद्धा धक्क्याजवळच्या पाण्याच्या खोलीने आणि तिथल्या क्रेनच्या उंचीने ठरवलेला दिसतो. त्यामुळे प्राथमिक आराखडा मांडताना बंदराचा नकाशा अगदी सुरुवातीलाच समोर असावा, या मताने पुढील मांडणी केली आहे. उदाहरण म्हणून स्कॉटलंडच्या पीटरहेड शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर उभा असलेला ‘हायविंड स्कॉटलंड’ हा प्रकल्प घेतला आहे, कारण २०१७ साली सुरू झालेला हा जगातील पहिला व्यापारी तरंगता पवनऊर्जा प्रकल्प असून त्याच्याविषयीचे बरेचसे आकडे जाहीर आहेत. सहा मेगावॅटची पाच टर्बाइन, एकूण ३० मेगावॅट, पाण्याची खोली ९५ ते १२० मीटर, एवढी माहिती सुरुवातीला पुरेशी आहे.

तरंगता पाया खरोखरच लागतो का

पहिला प्रश्न खोलीचा. साधारण ५० ते ६० मीटर खोलीपर्यंत समुद्रतळात ठोकलेला एकच जाड पोलादी खांब किंवा चार पायांचा सांगाडा स्वस्त पडतो, आणि त्यापुढे पोलादाचे वजन व बसवण्याचा खर्च इतका वाढतो की तरंगत्या पायाचा विचार करावा लागतो. ही काही आखीव रेषा नव्हे. तळ खडकाळ आहे की गाळाचा, लाटा किती उंच, यावर ती पुढेमागे सरकते. मात्र उथळ पाण्यातही ‘आधुनिक’ म्हणून तरंगता पाया निवडणे ही विद्यार्थ्यांच्या अहवालांत वारंवार दिसणारी चूक आहे. उथळ पाण्यात साखळ्यांना लोंबायला जागा मिळत नाही, त्या पटकन ताणल्या जातात आणि त्यांच्यावर झटके बसतात; म्हणजे खर्च तरंगत्या पायाचा आणि गैरसोय दुप्पट.

समुद्राची खोली पाहण्यासाठी ‘गेबको’चा जागतिक नकाशा विनामूल्य मिळतो आणि वाऱ्याचा अंदाज घेण्यासाठी डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठाने जागतिक बँकेच्या साहाय्याने तयार केलेला ‘ग्लोबल विंड ॲटलास’ उपलब्ध आहे. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून पाहिले की जगातील नैसर्गिक जागा लगेच दिसतात: नॉर्वे, जपान, कॅलिफोर्निया, पोर्तुगाल. या ठिकाणी किनारा सोडल्यावर थोड्याच अंतरात समुद्रतळ झपाट्याने खाली जातो. कॅलिफोर्नियात २०२२ च्या डिसेंबरमध्ये लिलाव झालेल्या क्षेत्रांपैकी काही ठिकाणी पाणी एक किलोमीटरपेक्षाही खोल आहे. तिथे खांब ठोकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आपल्याकडे स्वाभाविकपणे कोकणपट्टी निवडण्याचा मोह होतो. मुंबईसमोरचा खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, मात्र फारच रुंद आहे. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर असलेल्या मुंबई हाय तेलक्षेत्रातही पाणी जेमतेम ७५ मीटर खोल आहे. म्हणजे तरंगत्या पायाला योग्य खोली गाठेपर्यंत केबलची लांबी एवढी वाढते की हिशेब तिथेच कोलमडतो. भर म्हणजे इथला वारा नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या चार महिन्यांत जोरात आणि उरलेल्या वर्षात मंद असतो. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये समुद्री पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची तफावत-निधी योजना (प्रकल्पाचा न परवडणारा खर्च भरून काढणारी) मंजूर केली, तीही गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी, प्रत्येकी ५०० मेगावॅटची, आणि त्यातले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी राखून ठेवले. कोकणचा आराखडा सराव म्हणून अवश्य करावा, पण निष्कर्ष ‘इथे तरंगता पाया गैरलागू’ असा निघाला तर तो लिहायला कचरू नये. नकारात्मक निष्कर्षही अहवालच असतो.

वाऱ्याचा आणि युनिटांचा हिशेब

वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे सर्वांना पाठ असते; त्याचा अर्थ मात्र आकडे मांडल्यावरच कळतो. सरासरी वेग सेकंदाला ८ मीटरऐवजी १० मीटर असेल तर वेग सव्वापट होतो आणि वाऱ्यातील ऊर्जा जवळजवळ दुप्पट. प्रत्यक्ष वीज दुप्पट होत नाही, कारण निर्धारित क्षमतेच्या पुढे टर्बाइन जास्तीचा वारा सोडून देते. तरीही किनाऱ्यापासून दूर जाण्याचा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर याच फरकात आहे.

हायविंड स्कॉटलंडच्या पहिल्या पाच वर्षांत क्षमता वापर गुणांक, म्हणजे अखंड पूर्ण क्षमतेने चालल्यास मिळाली असती त्या विजेच्या तुलनेत प्रत्यक्ष मिळालेली वीज, सरासरी ५४ टक्के होता. ३० मेगावॅटला वर्षाच्या ८,७६० तासांनी आणि ०.५४ ने गुणले तर सुमारे १४ कोटी २० लाख युनिट वीज येते. हा आकडा आपल्या आराखड्यात जसाच्या तसा उचलू नये. उत्तर समुद्राचा वारा आणि आपण निवडलेल्या जागेचा वारा यांचा परस्परांशी काही संबंध नाही. निवडलेल्या जागेच्या तासागणिक वाऱ्याच्या नोंदी ‘ईआरए-५’ या युरोपीय हवामान संचातून घ्याव्यात, त्या टर्बाइनच्या आसाच्या उंचीपर्यंत वाढवून घ्याव्यात आणि टर्बाइनच्या क्षमता-वक्रावरून प्रत्येक तासाची वीज काढावी. त्यातून यंत्रे एकमेकांच्या आडोशाला येण्याने होणारी घट, केबलमधील घट आणि बंद काळ वजा करावा. बंद काळाचा आकडा घाईने टाकू नये. तो बंदराशी कसा निगडित आहे हे पुढे येईल.

बंदर

हायविंड स्कॉटलंडचा तरंगता पाया म्हणजे एक उंच, उभे नळकांडे; त्याचा ७८ मीटर भाग पाण्याखाली असतो. एवढ्या खोल पाण्याचा धक्का व्यापारी बंदरांत सापडत नाही. म्हणून स्कॉटलंडचा हा प्रकल्प जुळवला गेला नॉर्वेत, स्टोर्ड येथे, जिथे डोंगरांच्या कुशीत समुद्राची खोल, शांत शाखा आत शिरलेली आहे. नळकांडी आडवी तरंगत आणली गेली, पाणी भरून उभी केली गेली, तळाशी जड भर घातली गेली, आणि ‘सायपेम ७०००’ या प्रचंड तरंगत्या क्रेनने मनोरा आणि पाती जोडलेले संपूर्ण टर्बाइन उचलून तिच्यावर ठेवले. त्यानंतर २०१७ च्या उन्हाळ्यात पाचही यंत्रे उभ्या स्थितीत उत्तर समुद्र ओलांडून ओढत नेण्यात आली. नॉर्वेसारखी खोल आणि वाऱ्यापासून सुरक्षित खाडी नसती तर हा आकार निवडताच आला नसता.

पोर्तुगालच्या व्हियाना दो कास्तेलोसमोरच्या ‘विंडफ्लोट अटलांटिक’ प्रकल्पाने दुसरा मार्ग धरला. तिथे तीन स्तंभांचा पसरट पाया आहे, जो उथळ पाण्यातही तरंगतो. त्यामुळे स्पेनमधील फेरोल बंदराच्या धक्क्यालाच तो उभा करून जमिनीवरच्या क्रेनने ८.४ मेगावॅटची टर्बाइन चढवता आली. समुद्रातली महागडी क्रेन वाचली. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनसमोरच्या ‘किंकार्डिन’ प्रकल्पाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. तिथली ९.५ मेगावॅटची पाच यंत्रे नेदरलँड्सच्या रॉटरडॅममध्ये जुळवून आणली गेली, कारण पुरेशा उंचीची क्रेन, भक्कम धक्का आणि पायाला मावेल एवढी जागा तिथे एकत्र मिळाली. किनारा स्कॉटलंडचा आणि रोजगार रॉटरडॅमचा, अशी टीका त्यावर झाली, आणि ती निराधार म्हणता येत नाही.

आपल्या आराखड्यात बंदराची तपासणी करताना चार गोष्टी लिहून काढाव्यात. धक्क्याशी ओहोटीच्या वेळी उरणारी खोली. धक्क्याची भार पेलण्याची क्षमता. बंदराच्या तोंडावरील पूल, वीजवाहिन्या आणि विमानतळाची उंचीमर्यादा. आणि तयार झालेली यंत्रे ओढून नेण्याची वेळ येईपर्यंत सुरक्षित ठेवण्यासाठी आडोशाचे पाणी. चौथी बाब हटकून राहून जाते. महिन्याला दोन यंत्रे तयार होणार असतील आणि हिवाळ्यात किंवा पावसाळ्यात चार महिने समुद्र खवळलेला असेल, तर आठ यंत्रे कुठेतरी नांगरून ठेवावी लागतील, आणि प्रत्येकीला फुटबॉलच्या मैदानाएवढी तरी जागा लागते. जवाहरलाल नेहरू बंदराच्या नौकामार्गाची खोली सुमारे १५ मीटर आहे. म्हणजे नळकांड्याचा पर्याय तिथे पहिल्याच तपासणीत बाद होतो आणि पसरट पाया, तोही हलकी भर घालून, एवढाच विचारात उरतो.

पाया निवडणे

मुख्य प्रकार तीन. पहिला, ‘स्पार’, म्हणजे वर सांगितलेले उभे नळकांडे. तळाशी वाळू भरलेली बाटली पाण्यात जशी उभी राहते तसे ते राहते, कारण गुरुत्वमध्य प्लावक केंद्राच्या (म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याच्या मध्याच्या) बराच खाली असतो. दुसरा, ‘सेमी-सबमर्सिबल’, म्हणजे अर्धवट बुडालेले तीन-चार स्तंभ एकमेकांपासून दूर ठेवून जोडलेले. याचे स्थैर्य पसाऱ्यातून येते. तिसरा, ‘टेन्शन लेग’, म्हणजे तरंगण्याची अतिरिक्त ताकद असलेला छोटा पाया ताणलेल्या उभ्या दोरांनी खाली खेचून धरलेला. भूमध्य समुद्रातील ‘प्रोव्हान्स ग्राँ लार्ज’ या फ्रेंच प्रकल्पाची तीन यंत्रे अशी आहेत. बार्ज नावाचा चौथा, पसरट पेटीसारखा प्रकारही आहे, पण सरावासाठी पहिल्या तिघांत पुरेसे काम आहे.

स्पारची रचना साधी, बनवायला सोपी, पण खोल बंदर हवे. सेमी-सबमर्सिबलला बंदर सहज मिळते, पण पोलाद जास्त लागते आणि जोडकामात वेल्डिंगचे सांधे पुष्कळ. टेन्शन लेगला पोलाद सर्वांत कमी, समुद्रतळावरची जागा सर्वांत कमी, पण दोर जोडेपर्यंत तो स्वतःच्या बळावर स्थिर राहीलच असे नाही, आणि नांगरावर सतत वरच्या दिशेने ओढ असते. विद्यार्थ्यांनी सेमी-सबमर्सिबल निवडावा असे माझे मत आहे, कारण त्याची सविस्तर माहिती खुली आहे: मेन विद्यापीठाने १५ मेगावॅटच्या संदर्भ टर्बाइनसाठी मांडलेला ‘व्होल्टर्नयूएस-एस’ हा पाया २० मीटर खोल बुडतो, त्याची सर्व मापे प्रसिद्ध आहेत, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची ‘ओपनफास्ट’ ही संगणकप्रणाली त्यासाठी विनामूल्य वापरता येते.

स्थैर्याचा हिशेब हाताने

संगणकप्रणाली उघडण्यापूर्वी एक हिशेब कागदावर करावा, म्हणजे पुढे आलेल्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास बसणार नाही. हायविंडचेच उदाहरण घेऊ. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १५४ मीटर, म्हणून क्षेत्रफळ सुमारे १८,६०० चौरस मीटर. वाऱ्याचा वेग सेकंदाला ११ मीटर धरला, हवेची घनता १.२२५ किलो प्रतिघनमीटर आणि ढकल-गुणांक (थ्रस्ट कोएफिशियंट) ०.७५ घेतला, तर वारा टर्बाइनला सुमारे १० लाख ३५ हजार न्यूटन, म्हणजे साधारण १०५ टन वजनाइतक्या बलाने मागे ढकलतो. हे बल पाण्यापासून सुमारे ९८ मीटर उंचीवर लागते. साखळ्या पाण्याखाली २० मीटरवर बांधल्या आहेत असे समजा. म्हणजे बलाची भुजा ११८ मीटर, आणि कलवणारे आघूर्ण सुमारे १२,४५० टन-मीटर.

आता सावरणारे आघूर्ण. नळकांड्याचा व्यास १४.५ मीटर आणि बुडालेली लांबी ७८ मीटर. वरचा भाग निमुळता आहे हे लक्षात घेतले तर विस्थापित पाण्याचे वजन सुमारे १२,००० टन येते. स्थिर कल पाच अंशांपेक्षा जास्त नको असे ठरवले, तर १२,००० टनांना ५ अंशांच्या ज्येने, म्हणजे ०.०८७ ने गुणून १,०४४ येतात, आणि १२,४५० ला त्याने भागले की मेटासेंटरची उंची (गुरुत्वमध्यापासून मोजलेली; ती जितकी जास्त तितका पाया कलल्यावर जोराने सावरतो) सुमारे १२ मीटर असायला हवी हे निघते. म्हणजे गुरुत्वमध्य किती खाली न्यायला हवा, तळाशी किती लोहखनिज किंवा काँक्रीट भरायला हवे, हे सगळे या एका आकड्यावर ठरते. सेमी-सबमर्सिबलमध्ये हीच १२ मीटर उंची स्तंभांमधले अंतर वाढवून मिळवतात. विंडफ्लोटमध्ये तर पंपांच्या साहाय्याने एका स्तंभातले पाणी दुसऱ्यात हलवून वाऱ्याने आलेला कल हळूहळू भरून काढला जातो.

इथे एक बाब ध्यानात ठेवावी. सर्वाधिक ढकल वादळात येत नाही. ती निर्धारित क्षमता गाठताना, साधारण ११-१२ मीटर वेगाला येते. त्यापुढे पाती आपला कोन बदलून वारा सोडू लागतात आणि ढकल कमी होत जाते. वादळात धोका असतो तो लाटांचा आणि साखळ्यांचा.

लाटा, आणि नियंत्रकाचा खोडसाळपणा

समुद्राच्या लाटांमधली बहुतेक ऊर्जा ५ ते २० सेकंदांच्या आवर्तकालात असते. पायाचा स्वतःचा आवर्तकाल या पट्ट्याबाहेर असला पाहिजे, नाहीतर प्रत्येक लाट त्याला झोका देत राहील. स्पारला पाण्याच्या पातळीशी निमुळते करतात ते याचसाठी: तिथला व्यास साडेनऊ मीटर धरून वर-खाली होण्याचा आवर्तकाल काढला तर तो सुमारे २६ सेकंद येतो, लाटांच्या पलीकडे. सेमी-सबमर्सिबलचा तो साधारण २० सेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे काठावर. स्तंभांच्या तळाशी रुंद पट्ट्या लावून तो लांबवतात. टेन्शन लेग उलट बाजूने सुटतो, त्याचा आवर्तकाल लाटांपेक्षा कमी ठेवला जातो.

नियंत्रकाची अडचण जमिनीवरच्या पवनचक्कीत जवळजवळ नसते, म्हणून ती नीट समजून घ्यावी. जोराच्या वाऱ्यात यंत्र पुढे, वाऱ्याकडे झुकले की त्याला जाणवणारा वेग वाढतो. नियंत्रकाला वाटते वारा वाढला. तो पाती फिरवून वीज स्थिर ठेवतो, त्याने ढकल घटते, आणि मागे ढकलणारे बल कमी झाल्याने यंत्र आणखीच पुढे झुकते. मागे जाताना याच्या उलट. म्हणजे हेलकावा शमण्याऐवजी नियंत्रकच त्याला खतपाणी घालतो. उपाय म्हणजे नियंत्रकाला पायाच्या हेलकाव्यापेक्षा मंद करणे किंवा मनोऱ्याच्या हालचालीची नोंद त्याला पुरवणे. ओपनफास्टमध्ये जमिनीवरच्या टर्बाइनचा नियंत्रक तसाच ठेवून एकदा चालवून पाहावे. दहा मिनिटांच्या आलेखात वाढत जाणारे हेलकावे दिसले की हा मुद्दा कायमचा लक्षात राहतो.

नांगर, साखळ्या आणि मच्छीमार

हायविंड स्कॉटलंडच्या प्रत्येक यंत्राला तीन साखळ्या आहेत आणि प्रत्येकीच्या टोकाला सक्शन नांगर, म्हणजे तोंड खाली केलेली पोलादी बादली, पाच मीटर व्यासाची आणि १६ मीटर उंच, जिच्या आतले पाणी उपसले की बाहेरचा दाब तिला गाळात रोवतो. पाच यंत्रांना पंधरा नांगर. नॉर्वेच्या ‘हायविंड टाम्पेन’ प्रकल्पात, जिथे पाणी २६० ते ३०० मीटर खोल आहे, शेजारच्या यंत्रांना सामाईक नांगर देऊन ११ यंत्रे १९ नांगरांवर भागवण्यात आली. खोल पाण्यात ही बचत मोठी असते. सामाईक नांगर निवडताना एक साखळी तुटली तर दुसऱ्या यंत्रावर काय परिणाम होईल हे तपासलेच पाहिजे.

सक्शन नांगर चिकणमाती आणि वाळूत चालतात, खडकात नाही. म्हणून तळाच्या मातीची तपासणी टाळून काढलेला नांगरांचा खर्च हा निव्वळ अंदाज असतो, आणि अहवालात तो तसाच नोंदवावा. साखळ्या तळावर दूरवर पसरलेल्या असल्याने प्रकल्पाच्या क्षेत्रात ओढजाळी चालवता येत नाही. हायविंड स्कॉटलंडच्या क्षेत्रात २०२२ मध्ये सापळे आणि स्थिर साधने वापरून मासेमारीची चाचणी घेतली गेली; ट्रॉलरवाल्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. आपल्या किनाऱ्यावरचा आराखडा असेल तर ट्रॉलर, पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमार कुठल्या मोसमात कुठे जातात हे मच्छीमार सहकारी सोसायट्यांत जाऊन विचारावे. उपग्रहाच्या नकाशावर ते कळत नाही, कारण लहान नौका त्यावर उमटतच नाहीत.

केबल

तरंगत्या यंत्राची केबल सतत हलत असते, म्हणून ती साध्या समुद्री केबलसारखी तळापर्यंत सरळ सोडता येत नाही. मधल्या भागाला तरंगणारे गोळे बांधून तिला पाण्यातच एक उंचवटा दिला जातो, म्हणजे यंत्र हलले तरी तळाशी टेकणाऱ्या टोकाला धक्का जाणवत नाही. विंडफ्लोट आणि टाम्पेन या प्रकल्पांत ६६ किलोव्होल्टची केबल वापरली आहे. मोठ्या प्रकल्पाला उपकेंद्र लागते. तेही तरंगते असेल तर त्याला जाणारी जास्त दाबाची हलती केबल ही आजही तंत्रज्ञानाची अवघड बाजू आहे. जपानने फुकुशिमासमोर २०१३ मध्ये तरंगते उपकेंद्र उभारून दाखवले होते, तेही ६६ किलोव्होल्टचेच. सरावाच्या आराखड्यात केबलवर साचणाऱ्या शिंपल्या-शेवाळाचे वजन धरायला विसरू नये. दोन-तीन वर्षांत त्याने केबलचा आकारच बदलतो.

ओढून नेणे, आणि परत आणणे

ओढून नेण्याचे वेळापत्रक हवामानाच्या फटींवर बसवावे लागते. लाटांची उंची ठरवलेल्या मर्यादेखाली सलग किती तास राहते, हे दहा वर्षांच्या नोंदींतून महिन्यावार काढावे, आणि ओढीला लागणाऱ्या तासांत साखळ्या जोडण्याचे तास मिळवून तेवढी फट वर्षात किती वेळा मिळते ते मोजावे. साखळ्या आणि नांगर आधीच्या मोसमात टाकून ठेवलेले असले तर यंत्र आल्यावर काम थोडक्यात आटोपते.

परतीचा प्रवास मात्र आराखड्यांतून गायब असतो. समुद्रतळात ठोकलेल्या खांबावरचे टर्बाइन बिघडले तर पाय टेकवून उभे राहणारे क्रेनजहाज तिथे जाते. शंभर मीटर खोल पाण्यात तसे पाय टेकत नाहीत. म्हणून मोठा भाग बदलायचा असेल तर केबल आणि साखळ्या सोडून संपूर्ण यंत्र बंदरात आणावे लागते. किंकार्डिनचे एक यंत्र २०२२ मध्ये रॉटरडॅमला नेले गेले. हायविंड स्कॉटलंडची पाचही यंत्रे २०२४ मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी नॉर्वेला नेण्यात आली आणि त्या काळात त्यांची वीज बंद होती. आता मागे सोडलेला बंद काळाचा आकडा भरता येईल: दुरुस्तीचे बंदर किती दिवसांच्या अंतरावर, तिथली क्रेन मोकळी मिळेल का, परतीच्या फटीसाठी किती आठवडे थांबावे लागेल, या तिन्हींची बेरीज. जुळणीचे बंदर दूरचे घेऊन सुरुवातीला वाचवलेला पैसा पंचवीस वर्षांत प्रत्येक दुरुस्तीगणिक परत जातो. जागेवरच, यंत्राच्या मनोऱ्यावर चढणाऱ्या क्रेनने मोठे भाग बदलण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते रुजले तर हा सगळा हिशेब बदलेल, पण आज त्याच्या भरवशावर आराखडा मांडू नये.

दर

आकडे घेताना वर्ष आणि चलनाची आधारकिंमत नोंदवणे आवश्यक आहे. ब्रिटनच्या २०२४ च्या लिलावात ‘ग्रीन व्होल्ट’ या ४०० मेगावॅटच्या तरंगत्या प्रकल्पाला २०१२ च्या किमतींनुसार प्रति मेगावॅट-तास १३९.९३ पौंड दर मिळाला, तर त्याच लिलावात तळाला ठोकलेल्या नव्या प्रकल्पांना ५८.८७ पौंड. म्हणजे तरंगती वीज दुपटीहून महाग. त्याच वर्षी फ्रान्सने दक्षिण ब्रिटनीच्या २५० मेगावॅटच्या तरंगत्या प्रकल्पाला ८६.४५ युरोचा दर दिला, पण तिथे किनाऱ्यापर्यंतची जोडणी ग्रिडची कंपनी करते, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून फ्रान्स स्वस्त असे म्हणणे चुकीचे ठरेल. कुठल्या दरात केबल आहे आणि कुठल्या नाही, हे प्रत्येक आकड्यापुढे लिहावे. महाग वीज परवडते अशा गिऱ्हाईकाचाही शोध घ्यावा. टाम्पेनची ११ यंत्रे, एकूण ८८ मेगावॅट, किनाऱ्याला वीज देतच नाहीत; किनाऱ्यापासून सुमारे १४० किलोमीटर दूर असलेल्या स्नोरे आणि गुलफाक्स या तेलक्षेत्रांच्या पाच फलाटांना वर्षाच्या गरजेच्या साधारण ३५ टक्के वीज ती पुरवतात आणि तेवढा वायू जाळणे वाचते. तेल काढण्यासाठी स्वच्छ वीज वापरण्यावर आक्षेप घेता येतो, आणि घेतलाही जातो.

खर्चाच्या तक्त्याच्या तळाशी मोडतोडीची ओळ असावी. फुकुशिमासमोर जपानने तीन तरंगती यंत्रे उभी केली होती, २, ५ आणि ७ मेगावॅटची. सातची चालेना, बाकीच्यांचाही व्यवहार जमेना, आणि २०२० च्या अखेरीस सरकारने सगळा प्रकल्प काढून टाकण्याचा निर्णय घेतला. साखळ्या उचलणे, नांगरांत पाणी भरून ते उपटणे, केबल गुंडाळणे, पाया ओढून आणून तोडणे, या प्रत्येक कामाला जहाज, हवामानाची फट आणि धक्का लागतो. त्या धक्क्याचे दिवसाचे भाडे आजच्या दराने काढून त्या ओळीत भरावे.